हाल समिती, शॉमबर्ग

अमेरिकेत आपले अतोनात हाल होणार, याबद्दल अनीश दिघेच्या मनात तिळमात्र शंका नव्हती!

लंडनहून शिकागोला निघालेल्या विमानात तो खुशीत गुणगुणत बसला होता. हॉटेल ठरवलं नव्हतं. गाडी ठरवली नव्हती. खिशात एक नकाशा होता, तोही जुन्या बाजारातला, आणि त्यातले निम्मे रस्ते उंदरानं खाल्लेले! शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "शिकागोत कुठे उतरणार?" तर हा पठ्ठ्या छाती फुगवून म्हणाला, "काही कल्पना नाही! बहुतेक बाकावर झोपेन!" बाईंनी आपली पर्स हळूच उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस वेडा होता का? नाही हो. लेखक होता. त्यातून विनोदी. त्यातून प्रवासवर्णनं लिहिणारा. हे तिन्ही आजार एका माणसाला एकदम जडले की काय होतं, ते आधी नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

अनीशची आई रेखा, ठाण्याची. लग्न होऊन इंग्लंडात स्लाऊ नावाच्या गावी गेली. अनीश तिथेच जन्मला, तिथेच वाढला. मराठी त्याला येत होतं, पण ते स्वयंपाकघरातलं. म्हणजे 'हात धू', 'पानात टाकू नकोस' आणि 'तुझे बाबा कधी सुधारायचे नाहीत' ही वाक्यं अस्खलित, बाकीचं अडखळत. कॉलेज अर्धवट टाकून तो पबमध्ये उभा राहून विनोद सांगायला लागला. लोक बिअर पिता पिता ऐकायचे. आवडलं तर हसायचे, नाही आवडलं तर बिअर फेकायचे.

मग एकदा स्कॉटलंडला जाताना तो चुकीच्या बसमध्ये बसला. ती चूक सुधारायला दुसऱ्या चुकीच्या बसमध्ये बसला. असं करत करत मेंढ्यांच्या गोठ्यात राहून, एका रागीट हंसाकडून नको त्या ठिकाणी चावून घेऊन घरी परतला आणि त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. ते तुफान चाललं! टीव्हीवाले आले, रेडिओवाले आले, कुणीतरी जाऊन हंसाचे फोटो काढून आणले. दुसरं पुस्तक नॉर्वेचं. त्यात तो चुकून मासेमारीच्या बोटीत चढला होता. तेही चाललं. पण तिसरं पुस्तक पोर्तुगालचं, आणि पोर्तुगालनं त्याचा घात केला. हॉटेल स्वच्छ निघालं, गाड्या वेळेवर आल्या, लोकांनी पत्ते बरोबर सांगितले. पुस्तक कुणी हातात धरेना! माणूस सुखात आहे हे पैसे देऊन वाचायची हौस कुणाला असते?

"अनीश, ही शेवटची संधी," त्याच्या प्रकाशनाच्या फिलिपाबाई म्हणाल्या. "अमेरिका. पहिली तीन प्रकरणं महिनाअखेर माझ्या टेबलावर. आणि मला हाल हवेत. सूर्यास्त नकोत."

"आणि नाही जमलं तर?"

"तुझे मेव्हणे काय करतात म्हणालास?"

मेव्हणे रेडिंगला कार्पेट विकत. त्यांनी काउंटरमागची एक खुर्ची अनीशसाठी कित्येक वर्षं मोकळी ठेवली होती. भेटले की खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "खुर्ची आहे हं." त्या खुर्चीच्या आठवणीनं अनीशला घाम फुटायचा.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. हाल झाले तर लेखक, नाही झाले तर कार्पेट.

सगळी तयारी चोख होती. फक्त एक चूक झाली. निघताना त्यानं आईला फोन केला.

विमानतळाच्या दारातून अनीश बाहेर आला तो बाक शोधत. समोर एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. हातात पुठ्ठा, त्यावर ठळक देवनागरीत 'चि. अनीश दिघे, सुस्वागतम्'. शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी, फुगा धरून.

"मी मनोहर. तुझ्या आईची शाळेतली मैत्रीण शैलजा, तिचा नवरा," गृहस्थ म्हणाले. "ही आमची नात आन्या. आन्या, नमस्कार कर."

"हाय," आन्या म्हणाली. "आर यू द फनी वन?"

"काका, मी खरं तर बाकावर..."

"बाकावर कसला बसतोस! गाडीत बस. मावशी वरण-भात टाकून वाट बघतेय."

"एकच रात्र हं काका!" अनीशनं बजावलं.

"अगदी एकच!" काका म्हणाले, आणि त्यांनी त्याची बॅग गाडीत टाकली. मराठी माणसाच्या 'एकच रात्र'चा अर्थ त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्या घरात अनीशच्या करिअरचा जो काही गळा घोटला गेला, तो अतिशय प्रेमानं. सकाळी थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. दुपारी पाटवड्या. संध्याकाळी कुणाकडे तरी जेवण, कारण तिथल्या मराठी मंडळात बातमी फुटली होती. "रेखाचा मुलगा आलाय, लेखक आहे, फार वाळलाय!" पहिल्याच दिवशी शैलजामावशींनी चिकटपट्ट्यांचं बंडल काढलं आणि त्याच्या प्रत्येक वस्तूवर त्याचं नाव नि आपला फोन नंबर लिहून पट्टी डकवली. बॅगेवर, छत्रीवर, पाण्याच्या बाटलीवर, दोन्ही बुटांवरसुद्धा!

"मावशी, बुटांना कशाला?"

"मंडळाच्या जेवणाला दाराशी शंभर जोड असतात. आणि डबे तर विचारूच नकोस. माझे तीन डबे अजून सीमाकडे आहेत. पट्टी असली की वस्तू घरी येते."

आणि येतच होती! अनीशनं मुद्दाम बॅग बागेतल्या बाकावर विसरून यायचा प्रयत्न केला. तो चालत घरी पोचायच्या आधी बॅग पोचली होती, आणि आणून देणारा चहा पीत बसला होता. मग त्यानं ठरवलं, स्वतःच हरवायचं. भर उन्हात, अमेरिकेत जिथे कुणी चालत नाही अशा रस्त्यानं तो निघाला. कोपरा वळतो न वळतो तोच गाडी थांबली.

"शैलजाकाकूंकडचे ना? बसा, सोडतो."

"मला जायचंच नाहीये कुठे!"

"मग घरीच सोडतो."

त्यानं आडवाटेची बस पकडली. ड्रायव्हर गुजराती निघाला, त्याची बायको मावशींबरोबर योगाला जायची. संध्याकाळपर्यंत अनीश पुन्हा पानावर! वहीतली पानं कोरी, आणि पँटचं बटण मात्र लागेना. महिनाअखेर येऊ घातली. रोज रात्री तो उशीत तोंड खुपसून पडायचा आणि डोळ्यांसमोर ती खुर्ची यायची. हळूहळू ती खुर्ची त्याच्याकडे सरकतेय असा भास व्हायला लागला!

मनोहरकाका रविवारी मंडळाची मराठी शाळा चालवत. साऱ्या हयातीत त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. आधी नाशिकला, आता इथे, पोरांना शिकवत आलेले. त्यांनी अनीशला वर्गावर नेलं.

"मुलांनो, हे अनीशकाका. हे हसवणारी पुस्तकं लिहितात. कशी लिहितात ते विचारा बघू."

अनीशला वर्गापुढे उभं राहिल्यावर बरं वाटलं. त्यानं हंसाची गोष्ट सांगितली, हंसासारखं चालून दाखवलं, चावा कुठे बसला तेही दाखवलं. मुलं खाली लोळली!

आन्यानं हात वर केला. "पण काका, म्हणजे तुमच्याबरोबर बॅड झालं, की ते तुमच्यासाठी गुड?"

"अगदी बरोबर."

"आणि आजी तर सगळं गुड करते. सो दॅट्स बॅड?"

लंडनमधल्या मोठमोठ्या समीक्षकांना जे कळलं नव्हतं, ते या पोरीला दोन वाक्यांत कळलं होतं.

"हो बाळा," तो खचलेल्या आवाजात म्हणाला. "माझं वाटोळं झालंय. माझे इथे अजिबात हाल होत नाहीयेत."

आन्यानं ते रात्रीच्या जेवणात जाहीर करून टाकलं. नेमके त्या दिवशी शैलेंद्र आणि त्याची बायको सीमा जेवायला होते. शैलेंद्र मंडळाचा सेक्रेटरी. मूळचा नागपूरचा, इथे एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्याला कुठलीही अडचण दिसली की डोळ्यांत चमक यायची. त्यानं वाटी खाली ठेवली.

"अरे यार अनीश, आधी नाही का सांगायचं! हाल पाहिजेत ना? करून टाकू अरेंज!"

"अरेंज करून कसे होतील हाल?" अनीश कळवळून म्हणाला.

"गणपती कोण अरेंज करतं? चारशे लोकांचं जेवण कोण करतं? तुझे हाल म्हणजे काय मोठं काम आहे!"

आणि काय सांगावं, रात्रीतून समिती झाली! व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, नाव 'अनीशचे हाल'. शैलेंद्र अध्यक्ष, सीमा खानपान, मनोहरकाका मार्गदर्शक. शैलेंद्रनं लॅपटॉप उघडून रंगीत तक्ताच दाखवला.

"हे बघ. शनिवारी सकाळी तू गॅस स्टेशनच्या, म्हणजे तुमच्या पेट्रोल पंपाच्या, कोपऱ्यावर उभं राहायचं. माझ्या ऑफिसातला ब्रॅड त्याचा जुना लाल ट्रक घेऊन येईल. तो जास्त बोलणार नाही, मी सांगून ठेवलंय. तुला लांब शेतात नेऊन सोडेल. तू हरवशील. मग साडेबाराला जेवण."

"हरवल्यावर जेवण?"

"मग काय उपाशी हरवणार?" सीमा म्हणाली. "मसालेभात, मठ्ठा, जिलबी. मठ्ठा थर्मासमधून पाठवते. पाऊस आला तर प्रोग्रॅम कॅन्सल, कारण जिलबी भिजते."

"आणि मोबाइल मावशींकडे द्यायचा," शैलेंद्रनं फर्मान काढलं. "मोबाइल असला की माणूस हरवत नाही. पाकीट, पासपोर्ट पण तिथेच. उगाच खरोखर हरवायचे!"

अनीशनं डोक्याला हात लावला. स्कॉटलंडच्या डोंगरात हंसाशी झुंजलेला माणूस तो, त्याच्यावर आता थर्मासमधल्या मठ्ठ्यासकट हरवायची पाळी आली होती! पण कोऱ्या वहीपेक्षा लुटुपुटूचे हाल बरे, असं म्हणून तो कबूल झाला.

शनिवार उजाडला. काका-मावशी आन्याला घेऊन सकाळीच लायब्ररीत गेले होते. अनीश एकटा चालत कोपऱ्यावर गेला. आभाळ जरा भरून आलेलं. वही त्यानं घरीच ठेवली. खोट्या गोष्टीची टिपणं काय घ्यायची? आल्यावर मीठ-मसाला लावून लिहू, असा त्याचा हिशेब.

थोड्याच वेळात एक लाल ट्रक येऊन थांबला. आत टोपीवाला म्हातारा, हनुवटीवर पांढरे खुंट. काच खाली करून तो गुरगुरला, "डुकरासाठी आलास का?"

'डुक्कर? शैलेंद्रनं डुक्कर घातलंय वाटतं,' अनीशच्या मनात आलं. तो दार उघडून आत बसला. "हो, डुकरासाठीच," तो डोळा मारून म्हणाला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे संशयानं पाहिलं आणि गाडी सोडली. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. 'छान! भूमिकेत शिरलाय,' अनीशनं मनात शाबासकी दिली.

मक्याच्या शेतांमधून मैलोगणती जाऊन ट्रक एका खळ्यावर थांबला. कुंपणात एक डुकरीण होती. डुकरीण कसली, गुलाबी रंगाची मोटारगाडीच!

"ही डचेस," म्हातारा म्हणाला. "जत्रेतल्या स्पर्धेला न्यायचीय. तू मागून ढकल, मी पुढून ओढतो."

"खरंच ढकलू?"

"मग तुला बोलावलंय कशाला?"

अनीशनं डचेसला लवून मुजरा केला. इंग्लंडचा रहिवासी, डचेस म्हटल्यावर राहवलं नाही! मग मागून ढकललं. डचेसला तो स्पर्श पसंत पडला नसावा. तिनं एक किंकाळी फोडली, म्हाताऱ्याला आडवा केला, कुंपणाचं दार उखडलं आणि सरळ मक्यात!

"पकड तिला!" चिखलात बसून म्हातारा ओरडला.

अनीश धावला. मक्याची पानं तोंडावर सपासप बसत होती. एक बूट चिखलात रुतला तो तिथेच राहिला. त्यात आभाळ फाटलं! विजा कडाडायला लागल्या, पाऊस घड्यानं ओतल्यासारखा. 'पाऊससुद्धा वेळेवर!' धावता धावता त्याला वाटलं. 'हा शैलेंद्र फारच अति करतो. कुणाला खरं वाटेल हे?'

मका संपला आणि डचेसच्या पाठोपाठ तो कुणाच्या तरी परसात जाऊन पडला. तिथे मांडवाखाली लग्न चाललं होतं! नवरी पांढऱ्या झग्यात, पाहुणे सुटाबुटात, मधोमध चार मजली केक. डचेसनं इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही, केकमध्ये तोंड घातलं. नवरीनं टाहो फोडला. नवरदेवाची आई खुर्चीसकट उलटी झाली.

आणि चिखलानं माखलेला अनीश मांडवाच्या मधोमध उभा राहून टाळ्या वाजवायला लागला!

"वा! सुंदर!" तो म्हणाला. "एवढे लोक जमवले तरी कुठून? बाईसाहेब, रडणं उत्तम, फक्त थोडं कमी करा. मोठे कलाकार कमी रडतात." असं म्हणून त्यानं डचेसच्या तोंडातून वाचलेला केकचा तुकडा उचलून खाल्ला. "केक मात्र कोरडा आहे."

नवरीच्या बापानं त्याच्या कॉलरला हात घातला. पाच-सहा जणांनी त्याला खुर्चीत दाबून बसवलं आणि शेरिफच्या माणसाला फोन केला.

तो आला. धिप्पाड, मोठ्या टोपीचा, कमरेला पिस्तूल.

"नाव काय तुझं?"

"तुम्हाला माहीत आहे की!"

"ओळखपत्र?"

"मावशींच्या ड्रॉवरमध्ये."

"कुठली मावशी?"

"हे बघा," अनीश समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमचं काम चांगलं होतंय, पण ती टोपी जरा जास्त होतेय. पोलीस असा नाटकातल्यासारखा नसतो."

पुढच्याच क्षणी त्याच्या हातात बेड्या होत्या.

कोठडीत बाकावर बसून अनीशनं हिशेब मांडला. निराशेनं त्याचं मन भरून गेलं. डुक्कर, वादळ, लग्न, बेड्या! असलं भडक कथानक शाळेच्या गॅदरिंगमध्येही कुणी घेणार नाही. फिलिपाबाई पहिल्या पानाला ओळखतील, हे रचलेलं आहे. संपलं सगळं! ती खुर्ची आता अगदी समोर येऊन उभी होती. बसायचंच काय ते बाकी होतं. कंटाळून तो आडवा झाला आणि चक्क झोपला.

जाग आली ती पोटातल्या कावळ्यांनी. त्यानं गजांवर टकटक केलं.

"अहो, साडेबाराचं जेवण राहिलं ना?"

पोलिसानं एक कागदी पिशवी आत सरकवली. त्यात पावाचे दोन पांढरे काप, मध्ये मांसाची गार चकती. अनीशनं पिशवी उलटी करून झटकली. मसालेभात नाही! मठ्ठ्याचा थर्मास नाही! जिलबी तर लांबच राहिली.

आणि तिथे प्रथमच त्याला शंका आली. शैलेंद्र काहीही करेल, डुक्कर आणेल, वादळ आणेल. पण सीमावहिनी पाहुण्याला गार पाव पाठवतील? या जन्मी नाही!

"अहो," तो चाचरत म्हणाला, "तुम्ही... ब्रॅडचे मित्र ना?"

"कोण ब्रॅड?"

"शैलेंद्रला ओळखता ना?"

"कोण?"

"मला एक फोन करू द्या!" पण फोन करणार कुणाला? सगळे नंबर मोबाइलमध्ये, मोबाइल ड्रॉवरमध्ये. तो मटकन खाली बसला. तेवढ्यात पोलिसाची नजर त्याच्या पायाकडे गेली. उरलेल्या एका बुटावर, चिखलाखालून, चिकटपट्टीचा कोपरा डोकावत होता.

पोलिसानं वाकून वाचलं. "हा नंबर कुणाचा?"

अनीशच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका आणि शैलेंद्र धापा टाकत पोचले तेव्हा त्यांचे चेहरे पांढरे पडले होते.

"अनीश! अरे तू इथे कसा?" शैलेंद्र ओरडला. "प्रोग्रॅम तर कॅन्सल केला होता! पावसाचा अंदाज होता ना? सकाळीच ग्रुपवर टाकलं. ब्रॅड घरातून निघालाच नाही!"

"मेसेज कुठे टाकला?"

"तुझ्या मोबाइलवर," शैलेंद्र म्हणाला, आणि मग त्याचा त्यालाच उलगडा झाला.

"म्हणजे तो म्हातारा?"

"त्यानं डुक्कर चढवायला कुणीतरी मजूर बोलावला होता म्हणे. तो मजूर अजून गॅस स्टेशनवर उभा आहे."

"आणि ते लग्न?"

"खरं," काका म्हणाले. "मी आत्ता नवरीच्या वडिलांशी बोलून आलो. फार रागावलेत."

अनीशनं अशी काही उडी मारली की छताचा दिवा हलला!

"खरं!" तो नाचायला लागला. "सगळं खरं! काका, माझे हाल झाले! मी तुरुंगात आहे! हंस काहीच नाही याच्यापुढे! अहो साहेब, मला परत आत टाका, मी झोपलो होतो, भिंतींचा रंगसुद्धा पाहिला नाही! नुसतं पाच मिनिटं!"

"घेऊन जा याला," पोलीस म्हणाला.

काकांनी नवरीच्या वडिलांची माफी मागितली, सीमानं नव्या केकची ऑर्डर दिली, शैलेंद्रनं तिघा पोरांना नेऊन डचेसला ट्रकमध्ये चढवलं. सगळं मिटलं. घरी येईपर्यंत गाडीत अनीश एका बुटानिशी गुणगुणत होता. तीन प्रकरणं काय, अख्खं पुस्तक डोक्यात तयार! मेव्हण्यांनी ती खुर्ची आता खुशाल जाळावी!

दारात शैलजामावशी उभ्या होत्या. डोळे लाल.

"माझ्या घरचा पाहुणा," त्या थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "कोठडीत बसला?"

"मावशी, काही नाही झालं हो. उलट..."

"जेवलास?"

"पाव दिला होता त्यांनी. गार."

"गार पाव!" बेड्यांनी झालं नव्हतं ते पावानं झालं. मावशी मटकन सोफ्यावर बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या. "रेखाला मी काय तोंड दाखवू? शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. तिनं एवढ्या विश्वासानं पोरगा पाठवला!"

"मावशी, तिला सांगू नका मग," अनीश गडबडून म्हणाला.

"मी नाही सांगणार. पण तू हे छापणार! साऱ्या जगाला कळणार, शॉमबर्गच्या शैलजाकडे पाहुण्याचे हाल झाले!"

अनीशनं मदतीसाठी काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते.

मावशी उठल्या, आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. वाफाळता मसालेभात, वर ओलं खोबरं, बाजूला जिलबी. वासानं अनीशचे डोळे मिटले. त्यानं हात पुढे केला. मावशींनी ताट मागे घेतलं.

"आधी शपथ घे. तुझ्या आईची. यातला एक शब्द लिहायचा नाही."

"मावशी! माझं सगळं आयुष्य आहे यात!"

"शपथ."

तसा तो कणखर माणूस. हंसापुढे हरला नव्हता. पण सकाळपासून पोटात डुकरिणीच्या तोंडातून वाचलेला केक आणि अर्धा गार पाव, समोर तुपानं चमकणारा भात आणि पलीकडे आईच्या मैत्रिणीचे भरलेले डोळे! अशा वेळी पुस्तकं आठवत नाहीत. अनीशनं शपथ घेतली. भात तीनदा घेतला. जेवता जेवता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मावशी सगळ्यांना सांगत होत्या, "बघा, किती आवडला त्याला!"

महिनाअखेर त्यानं फिलिपाबाईंना तीन प्रकरणं पाठवली. पहिलं थालीपिठाचं, दुसरं पाटवड्यांचं, तिसरं मसालेभाताचं. उत्तर लगेच आलं: "वाचून भूक लागली. हसू आलं नाही. मेव्हण्यांना नमस्कार सांग."

सध्या अनीश रेडिंगला कार्पेट विकतो. खुर्ची बरी आहे म्हणे, जरा डुगडुगते. गिऱ्हाईक नसलं की तो भिंतीकडे बघत बसतो, मध्येच स्वतःशी 'डचेस' म्हणतो, आणि आईची शपथ आठवून गप्प होतो. मावशी दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. डब्यावर पट्टी असते, आणि डबा परत येतो.

यंदा मंडळाच्या दिवाळी अंकासाठी शैलेंद्रनं मनोहरकाकांकडे काहीतरी हलकंफुलकं मागितलं. काका म्हणाले, "विषय आहे एक."

शपथ मावशींनी अनीशला घातली होती. काकांना घालायची राहून गेली. आणि अंक आला की मावशी त्यातल्या पाककृतीच तेवढ्या वाचतात.

निदान आजवर तरी तेवढ्याच वाचत आल्यात.